लाइनीखालची पायवाट

१

गोजराबाई नवऱ्याला बांधायची ती सकाळचा चहा झाल्यावर. त्यात चोरी नव्हती, आणि राग तर नव्हताच. भांडी घासावीत, गाईला कडबा टाकावा, तसंच तेही एक काम होतं. जुन्या लुगड्याच्या रुंद पट्ट्या कापून, आत कापूस घालून तिनं त्या हातानं शिवल्या होत्या. ओसरीवर हातांची एक लाकडी खुर्ची होती. तिच्यात जगदेवला बसवायचं, आधी कमरेची पट्टी, मग मनगटांच्या. गाठ मारली की आत बोट घालून बघायचं, कुठं काचत तर नाही. पाण्याचा गडू आणि दोर्‍यानं बांधलेली स्टीलची नळी तोंडाशी येईल अशी ठेवायची. मग डोक्याला फडकं गुंडाळून ती तुरीच्या वावरात जायची.

निकिता आसेगावला परत आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं हे पाहिलं. फोनवर आई एवढंच म्हणायची, की बाबाले जराक सांभाळा लागते. सांभाळणं म्हणजे हे, असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

"माय, हे काय करून राह्यली तू?"

"दिसत नाई का तुले?" गोजराबाईनं मान वर न करता गाठ आवळली. "मी वावरात गेली का मांगं कोन हाये अथी? गनेश तिकडं पुन्याले. तू तिकडं. अन् हे खांबावर चढते."

जगदेवची सारी नोकरी वायरमनची. आसेगावपासून आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांपर्यंत गेलेल्या विजेच्या लाइनीखालून तो आयुष्यभर चालला होता. कुठली तार सैल झाली, कुठल्या खांबाला वेल चढला, हे बघत. निवृत्त झाला आणि काही वर्षांनी त्याच्या डोक्यातून एकेक गोष्ट गळायला लागली. आधी माणसांची नावं गेली. मग जेवलो की नाही ते गेलं. तारेत वीज असते, हेही एक दिवस गेलं. खांबावर चढायचं कसं ते मात्र राहिलं. दोनदा लोकांनी त्याला अर्ध्या खांबावरून उतरवलं होतं.

"तिसऱ्यांदा कोनी पाह्यलं नाई तं?" गोजराबाई म्हणाली. "मले बांधाची हौस हाये काय?"

निकिता बापाकडे बघत होती. आई दुसऱ्या मनगटाकडे वळली, तेव्हा जगदेवनं तो हात आपणहून उचलून खुर्चीच्या दांडीवर ठेवला, आणि पट्टी नीट बसावी म्हणून तळवा वर केला.

तिनं नजर दुसरीकडे वळवली. हे तिनं आधी पाहिलं होतं, पण माणसात नव्हे.

२

दूरच्या एका शहरातल्या संशोधन संस्थेत निकिता माकडांच्या मेंदूवर काम करायची. माकडाचा मेंदू काय करतो ते मोजायचं तर माकड हलून चालत नाही. म्हणून त्याला एका खास खुर्चीत बसवतात. कमरेशी फळी, मानेभोवती कडं. सगळ्या जगाची मोजमापं अशीच बसलेल्या माकडांची. मग निकिताच्या सरांना प्रश्न पडला, की बांधलेल्या माकडाचा मेंदू आणि मोकळ्या माकडाचा मेंदू एकच असतो का. बांधण्यानंच त्यात काही बदलत असेल तर? तेच शोधायचं त्यांनी ठरवलं.

त्या कामात बादल नावाचा एक लाल तोंडाचा नर होता. कपाळावर राखाडी केसांचा झुबका, म्हणून बादल. पहिले काही दिवस तो खुर्चीत झटापट करायचा, दात खायचा, कड्यावर नखं घासायचा. पुढं स्वतःच्या मांडीचे केस उपटायला लागला. आणि मग एके दिवशी शांत झाला. पिंजऱ्याचं दार उघडलं की आपणहून यायचा, आपणहून मान कड्यात द्यायचा.

"सवय झाली," सर म्हणाले.

पडद्यावर मात्र दुसरंच दिसत होतं. मेंदूत एक जागा असते, ती वाटा ओळखते. प्राणी चालायला लागला की ती एका ठेक्यात जागी होते. बसून राहिला की तो ठेका मोडतो. बादल मान कड्यात देऊन दगडासारखा बसलेला असायचा, डोळे उघडे, आणि त्या जागेचा ठेका अखंड चाललेला असायचा. तासन् तास.

निकितानं यंत्र तपासलं. तारा बदलल्या. ठेका तोच. बांधलेलं माकड कुठंतरी चालत होतं.

काम संपलं तेव्हा बादलला झाडं लावलेल्या मोठ्या पिंजऱ्यात सोडलं. तो दाराशी बसला. कुणी न बांधता, हात मांडीवर, मान ताठ. बाकीची माकडं त्याच्याजवळ जात नव्हती. ती लांब फांदीवर बसून कुंपणापलीकडे काहीतरी बघत राहायची. काही दिवसांनी एका सकाळी बादल बसल्या जागीच मेलेला सापडला. त्याच महिन्यात निकितानं नोकरी सोडली. कारण विचारलं तेव्हा तिनं वडिलांच्या आजाराचं सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं.

३

आसेगावात वानरं काही नवी नव्हती. काळ्या तोंडाची, लांब शेपटीची. तुरीला शेंगा धरल्या की टोळी उतरायची, घरांच्या टिनांवरून धडाधडा उड्या मारत जायची, आणि गोजराबाई खराटा घेऊन शिव्या देत मागं धावायची. एवढंच काय ते नातं.

पण त्या वर्षी टोळी या घराच्या टिनांवर पाय ठेवत नव्हती. शेजारची टिनं वाजायची, पलीकडची वाजायची, मधल्या या घरावर शांतता. ओसरीवर बापाजवळ बसून तूर निवडताना निकिताच्या ते लक्षात आलं.

वानरं यायची ती समोरच्या पडक्या भिंतीवर. एका रांगेत बसायची. शेंगा खाणं नाही, उवा काढणं नाही. आणि दिवस जरासा वर आला की सगळी एकदम मान वळवायची. ओसरीकडून फाटकाकडे, फाटकाकडून रस्त्यानं वावरांकडे. सावकाश. समोरून कुणी चालत जावं आणि त्याच्याकडे बघत राहावं, तशी.

रस्त्यावर कुणी नसायचं.

कुत्रं असेल, साप असेल, निकितानं स्वतःला समजावलं. प्राण्यांना आपल्याला न येणारे वास येतात. तिनं उठून फाटकापर्यंत जाऊन पाहिलं. धूळ होती, नुसती. वळून ओसरीकडे पाहिलं तर बाबा खुर्चीत बसलेले, मान ताठ, डोळे उघडे. पापणी हलत नव्हती.

त्याच दिवशी ती पिठाच्या गिरणीवर गेली. गिरणी संघदीपची. लहानपणी दोघं एका वर्गात होते.

"काका आता बरे हायेत म्हना," डब्यात पीठ भरता भरता तो म्हणाला. "सकाळी लाइनीखालून जाऊन राह्यले होते. म्या हाक मारली, पन तंद्रीत होते."

"कोन काका?"

"कोन म्हंजे? तुहे बाबा."

"बाबा घरी होते, संघदीप. मी बसून होती त्याईच्यापाशी."

संघदीपनं हात थांबवले. पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवयांखालून तो तिच्याकडे बघत राहिला. "मंग दुसरं कोनी असंल," तो म्हणाला. पण ते तिच्यासाठी म्हणाला, स्वतःला पटलं म्हणून नाही.

घरी येऊन तिनं आईला सांगितलं. गोजराबाई भाकर थापत होती. थापटण्याचा आवाज जरासुद्धा चुकला नाही.

"तो एकटाच नाई सांगत," ती म्हणाली. "गाई चारनारे गायकी सांगते, पलीकडच्या वस्तीवरची देवला सांगते. आधी मी सांगे, का बाप्पा, म्या बांधून ठेवले हायेत घरी. आता नाई सांगत."

"काहून?"

"मानूस बांधून ठेवला, हे किती येळा सांगू लोकाईले?"

४

निकितानं ठरवलं, बस झालं. दुसऱ्या सकाळी आई वावरात गेल्यावर तिनं पट्ट्या सोडल्या.

जगदेव बराच वेळ उठलाच नाही. तिनं हात धरला, तेव्हा उठला. दोघं हळूहळू फाटकाबाहेर पडले. थंडीचे दिवस होते, ऊन अंगाला गोड लागत होतं. तुरीच्या कडेनं लाइनीखालची पायवाट धरली तसा त्याच्या पायांत जीव आला. एका खांबाशी थांबून त्यानं वर पाहिलं आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला. त्याच्या चेहऱ्यावर ओळख आली. माणसाची नसेल, खांबाची असेल, पण आली. निकिताला रडू फुटेलसं वाटलं. भिंतीवरची वानरं त्या दिवशी आलीच नव्हती, हेही तिच्या ध्यानात होतं.

"बाबा, तहान लागली का?"

त्यानं मान हलवली. विहिरीवरची मोटर हाकेच्या अंतरावर होती. ती बाटली भरायला गेली आणि वळून बघते तो जगदेव खांबाच्या मधोमध होता. त्या वयातही इतका सफाईनं चढलेला, की क्षणभर तिला त्याचं कौतुकच वाटलं. मग तारा दिसल्या.

तिच्या ओरडण्यानं आजूबाजूची माणसं धावली. संघदीपनं फोन करून लाइन बंद करायला लावली. ती बंद झाल्याचं कळलं, तेव्हा जगदेवचा हात तारेपासून वीतभर लांब होता. खाली उतरवला तर त्याचे तळवे सोलून निघाले होते, आणि तो लहान पोरासारखा रडत होता.

"सोड ना वं," तो निकिताला म्हणत होता. ती कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं. "लाइन पाह्याची हाये. अंधार होईन लोकाईच्या घरी."

संध्याकाळी गोजराबाईनं त्याच्या तळव्यांना हळद-तूप लावलं. मग पट्ट्या धुऊन दोरीवर वाळत घातल्या.

दुसऱ्या सकाळी चहा झाल्यावर निकितानं स्वतः पट्ट्या घेतल्या. कमरेची बांधली. मनगटाशी आली, तेव्हा जगदेवनं सोललेला तळवा वर करून हात पुढं केला. तिनं गाठ मारली, आत बोट घालून पाहिलं, काचत नव्हतं.

भिंतीवर वानरं येऊन बसली होती.

५

ते घडलं दुपारी, लख्ख उन्हात. गोजराबाई त्या दिवशी घरीच होती, अंगणात तुरीच्या काड्या बडवत होती. निकिता बापाजवळ पायरीवर बसलेली. एवढ्यात वानरांच्या माना वळल्या. ओसरी, फाटक, रस्ता.

या वेळी ती उठली आणि त्या नजरांच्या मागं चालायला लागली. स्वतःला ती बजावत होती, की तिकडे काही नाही हे एकदा डोळ्यांनी बघायचं आणि परत यायचं. मागं काठीचे धपके ऐकू येत होते, मग ते लांब गेले, मग विहिरीच्या वळणानंतर ऐकू येईनासे झाले.

कापणी झालेलं वावर होतं. त्याच्या पलीकडच्या बांधावरून लाइन जाते. लाइनीखाली एक माणूस चालत होता.

पाठमोरा. खाकी शर्ट, बाह्या दुमडलेल्या. खांद्याला दोराचं वेटोळं. चाल अशी, की पाऊल टाकायच्या आधी टाच किंचित उचलायची. ती चाल तिनं लहानपणी त्याच वाटेवर मागं मागं पळत पाठ केली होती. दर खांबाशी तो जरा थांबायचा, वर बघायचा, पुढं निघायचा. मोकळा होता. त्याच्या साऱ्या अंगात मोकळेपण होतं.

आणि त्याच्या पुढं काही पावलांवर दुसरं काहीतरी चाललं होतं. चार पायांवर, बुटकं. निकिताला आधी कुत्रं वाटलं. मग ते एका बांधावर चढून मागं वळलं, जणू माणूस येतोय ना ते बघायला. त्याचं तोंड काळं नव्हतं. लाल होतं, शेपूट आखूड. त्या मुलखात तसली माकडं तिनं कधी पाहिली नव्हती. कपाळावर ऊन पडलं होतं, की केस तसे होते, हे तिला सांगता आलं नसतं.

तिला हाक मारायची होती. घशातून आवाज निघालाच नाही. ओठ तेवढे हलले. बाबा.

माणूस थांबला. वळला नाही. मान थोडी तिरपी केली, कुठून आवाज आला ते ऐकावं तशी. मग त्यानं खांद्यावरचं वेटोळं सावरलं आणि चालू लागला.

ती धावत घरी आली, तेव्हा गोजराबाई काठी टाकून खुर्चीपाशी उभी होती. पदर तोंडाशी धरलेला.

"कोठी होती तू?"

"वावरात. काहून?"

"तू हाक मारली काय आता?"

निकिता पायरीशीच थांबली.

"ह्याईनं ओ देल्ली," गोजराबाई म्हणाली. "चांगली मोठ्यानं. तू शाळेतून येऊन हाक मारे न् हे ओ देत, तशी."

जगदेव खुर्चीत बसला होता. मान तिरपी होती.

६

त्याच घटकेला निकितानं पट्ट्या सोडल्या, आणि गोजराबाईनं अडवलं नाही. दोघींनी त्याला उठवायला पाहिलं. पाय जमिनीवर टेकायचे, पण भार घेत नव्हते. सोडला की तो परत खुर्चीत बसायचा, हात दांड्यांवर, तळवे वर.

दुसऱ्या दिवशी तसंच. आठवड्यानं तसंच.

निकितानं त्याला वाशीमला नेलं. डॉक्टर भला माणूस होता. डोक्याला तारा लावून मेंदूचा आलेख काढला. "वयाचं आहे. शांत झालेत ते, तेवढंच बरं समजा," तो म्हणाला. पडदा निकिताच्या बाजूला होता. रेषा एका ठेक्यात चालल्या होत्या, अखंड, आणि बाबा पाय पसरून खाटेवर निपचित पडलेले. तिनं तोंड फिरवलं. पण ठेका डोळ्यांत बसला होता तो बसलाच.

गावात लोक म्हणायला लागले, जगदेवराव निवले. गोजराबाईला आता बांधावं लागत नव्हतं. ती नि:शंक वावरात जायची आणि दिवसातून दोनदा उगाचच घरी येऊन जायची.

"बांधून होते तवा निदान हिसका तरी देत," एकदा ती निकिताला म्हणाली. "मले वाटे, हायेत."

बघितल्याच्या गोष्टी मात्र थांबल्या नाहीत. फक्त लांबून यायला लागल्या. आधी मंगरूळपीरच्या रस्त्यावर कुणाला दिसले. मग कारंज्याच्या अलीकडं. मग धनजला दिलेली गोजराबाईची बहीण फोनवर म्हणाली, भाऊजी दारावरून गेले न् पानी प्यालेही थांबले नाई, असं काय झालं त्याईले. गोजराबाईनं फोन कानाशी घट्ट धरला.

"कसे दिसत होते?"

पलीकडून काय उत्तर आलं ते निकिताला ऐकू आलं नाही. आई ऐकत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर एकाच वेळी दोन गोष्टी होत्या. लग्नानंतर नवरा पहिल्यांदा परगावी निघाला, तेव्हा बाईच्या चेहऱ्यावर असाव्यात तशा.

"बरं झालं," फोन ठेवून ती म्हणाली. "तब्येत चांगली हाये म्हने."

मग आत जाऊन तिनं खुर्चीतल्या माणसाला वरणभाताचा घास भरवला. त्यानं तोंड उघडलं. गिळायचं राहून गेलं.

निकितानं त्या दिवसांत बरंच काही करून पाहिलं. त्याचे पाय चोळले. खांबावर चढायचा जुना दोर हातात दिला. कानाशी बसून साऱ्या वस्त्यांची नावं घेतली, लाइनीच्या क्रमानं, आसेगावपासून लांबच्या शेवटच्या वस्तीपर्यंत. आणि मग उलटी, लांबून घराकडे. घराचं नाव घेतलं की ती थांबायची आणि बघायची.

एकदा वाटलं, बोट हललं. एकदाच.

७

पळस फुलला तेव्हा जगदेव गेला. बसल्या जागी. गणेश पुण्याहून आला, त्यानं बापाचे पाय धरले आणि खूप रडला. गुडघे सरळ करायला चार माणसांना वेळ लागला.

तिरडी बांधून झाली. आंघोळ घालून, नवं धोतर नेसवून त्याला वर ठेवलं. एका म्हाताऱ्यानं सुतळीचा गुंडा काढला, प्रेत तिरडीला बांधतात त्यासाठी. छातीवरून पहिला वेढा घेतला, तोच गोजराबाई माणसांतून वाट काढत पुढं आली.

"नोका बांधू."

"वयनी, रस्ता खाचखळग्याचा हाये. घसरनार."

"घसरू द्या. बांधू नोका."

"माय, रीत हाये ती," गणेश म्हणाला.

"म्या बांधलं ना रे." ती आवाज न चढवता म्हणाली. "दोन साल रोज बांधलं. ह्या हातानं. आता नाई."

म्हाताऱ्यानं गणेशकडे पाहिलं, गणेशनं निकिताकडे. निकितानं वाकून सुतळीचा तो एक वेढा काढून घेतला. मग असं ठरलं, की चौघांनी खांदा द्यायचा आणि बाकीच्यांनी दोन्ही बाजूंनी हात लावून धरायचं. संघदीपनं खांद्याशी हात लावला. गणेशनं विस्तवाचं मडकं दुसऱ्याच्या हाती देऊन पावलांशी. बांधल्यावाचून निघालेली अशी मयत गावानं पहिल्यांदाच पाहिली. गणेश सोडून बाकीचे हात बदलत बदलत, अंगाला धरत ते सगळे गेले, आणि बायका फाटकाशी उभ्या राहिल्या.

माणसं परतली तेव्हा ऊन कलत होतं. गणेश हातपाय धुऊन ओसरीवर टेकला. बराच वेळ तो आपल्या उजव्या तळहाताकडे बघत होता. निकितानं पाणी आणून ठेवलं.

"निके," तो हळूच म्हणाला, "बाबाचे पाय म्या धरले होते ना."

"हं."

"घरापासून तं थेट तथपरेंत. कपड्याखाली ते..." त्यानं तळवा उताणा केला, पालथा केला. "एक पाय, मंग दुसरा. एक, मंग दुसरा. जराजरासे. खांदेकरी चालत होते, त्याचाच हिसका असंल."

"असंल, दादा."

"पन खांदेकरी विसाव्याले थांबले होते. खाली ठेवली होती तिरडी."

निकिता त्याच्याजवळ बसली. दारात गोजराबाई उभी होती, केव्हापासून कोण जाणे. ती आली, लेकाचा तो हात तिनं आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि तळव्यावरून अंगठा फिरवला, तिथं अजून काही कळतंय का ते बघत.

"मंग थांबले का रे कोठी?" तिनं विचारलं.

गणेशनं मान खाली घातली आणि तशीच ती नकारार्थी हलवली. ती तशीच हात धरून उभी राहिली.